फिनिक्सहून सकाळी निघून रात्री घरी: ॲरिझोनातल्या गाडीच्या ट्रिपांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही फिनिक्सजवळच्या चॅन्डलरला राहायला येऊन आता अकरा वर्षं झाली आणि दर हिवाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा इंडियाहून येतात, की लगेच फोन सुरू होतात, दादा कुठे न्यायचं, किती वाजता निघायचं, डबा न्यायचा का. तेच तेच परत परत सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतोय. मी गाईड वगैरे नाही, फक्त गाडी चालवायला आवडते.

इथे सगळं वाळवंटच आहे ना? मग बघायचं काय?

हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विमानतळावरून घरी येतानाच विचारला होता. तर गंमत अशी आहे की फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ११०० फुटांवर आहे आणि इथून दोन-सव्वादोन तासांवरचं फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७००० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही दीडेक हजार फूट उंच. तुम्ही सकाळी निघता तेव्हा रस्त्याच्या कडेला निवडुंग, मग थोडं वर गेलं की गवताळ माळ, मग बुटकी ज्युनिपरची झाडं, आणि शेवटी पाईनचं दाट जंगल. फेब्रुवारीत तर इथून हाफ शर्टात निघून तिकडे बर्फात उतरायचं. कोकणातून घाट चढून देशावर आलं की हवा बदलते ना, तसंच आहे हे. इथेही खरोखर एक मोठी कड आहे, मोगोयॉन रिम म्हणतात, सुमारे २०० मैल लांब, कोलोरॅडो पठाराची दक्षिणेकडची धार. खाली वाळवंट, वर पठार. ही कड एकदा डोक्यात बसली की ॲरिझोनाचा नकाशा कळायला लागतो, कुठला रस्ता कुठे चढणार ते आपोआप समजतं.

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

एक. फार तर दीड. पाच-सहा ठिकाणांची एक्सेल शीट बनवून आणणारे लोक मला माहीत आहेत (मी पण एकेकाळी त्यातलाच), पण इथे अंतरं दिसतात त्यापेक्षा मोठी असतात आणि सगळ्यात सुंदर भाग बऱ्याचदा दोन ठिकाणांच्या मधला रस्ता असतो. तो ७५ मैलांच्या स्पीडने उरकून टाकला आणि पार्किंग लॉटमध्ये फोटो काढला तर काय उपयोग.

ग्रँड कॅन्यन एका दिवसात होतं का?

होतं, पण दमायची तयारी ठेवा. साऊथ रिम, म्हणजे दक्षिणेचा काठ, फिनिक्सहून साधारण २३० मैल, जायला साडेतीन तास, यायला तेवढेच. पहाटे साडेपाचला निघालात तर नऊ-साडेनऊला पोचता आणि तेव्हा पार्किंग मिळतं. अकरानंतर उन्हाळ्यात किंवा स्प्रिंग ब्रेकमध्ये गेटवरच लाईन असते.

आता महत्त्वाचं, बहुतेक लोक मॅथर पॉइंटला जातात, गर्दीत दोन फोटो काढतात, आयमॅक्स बघतात आणि आल्या वाटेने परत. असं करू नका. पूर्वेकडे डेझर्ट व्ह्यू ड्राईव्ह आहे, वीसेक मैलांचा, तो स्वतःच्या गाडीने करता येतो, मध्ये मध्ये पॉइंट आहेत आणि शेवटी १९३२ सालचा दगडी वॉचटॉवर, मेरी कोल्टर नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी बांधलेला. तिथून कोलोरॅडो नदी वरून नीट दिसते, मॅथरवरून नाही दिसत एवढी. मग त्याच दिशेने बाहेर पडून कॅमरनमार्गे फ्लॅगस्टाफला उतरायचं, म्हणजे तोच रस्ता परत नाही. पश्चिमेकडचा हर्मिट रोड मात्र १ मार्च ते ३० नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंद असतो, तिथे पार्कची फुकट बस घ्यायची.

घरच्या मोठ्यांना सांगायला एक गोष्ट: कॅन्यनमधल्या सुळक्यांना विष्णू टेम्पल, ब्रह्मा टेम्पल, शिवा टेम्पल अशी नावं आहेत, राम आणि कृष्णाच्या नावाची श्राइन्स पण आहेत. खरी देवळं नाहीत हो, खडकच आहेत. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला त्या आकारांमध्ये पूर्वेकडची देवळं दिसली आणि त्याने ही पद्धत सुरू केली. तळाशी जो काळा खडक आहे त्याला विष्णू शिस्ट म्हणतात, तो जवळपास पावणेदोन अब्ज वर्षं जुना. माझी आई हे ऐकल्यावर कठड्याजवळ हात जोडून उभी राहिली, शेजारचा जर्मन माणूस बघतच बसला.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का?

साऊथ रिमला झेपतं. रिम ट्रेलचा गावाजवळचा भाग सपाट आणि पक्का आहे, बाकं आहेत, व्हीलचेअर जाते. फक्त ७००० फुटांवर हवा विरळ असते, बीपीवाल्यांना आणि दम्यावाल्यांना चार पावलांत धाप लागू शकते, त्यामुळे हळू चाला, पाणी पाजत राहा. "जरा खाली उतरून बघू" असं म्हणून ब्राइट एंजल ट्रेलवर मोठ्यांना उतरवू नका, इथे डोंगराच्या उलटं असतं, सोपं आधी आणि चढ नंतर, तोही थकल्यावर.

पास कुठला घ्यायचा? पाहुण्यांना जास्त पैसे पडतात हे खरं का?

खरं आहे. ग्रँड कॅन्यनची एंट्री एका गाडीला ३५ डॉलर, सात दिवस चालते. इथे राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास ८० डॉलर. पण २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलर झालाय आणि तो नसेल तर ग्रँड कॅन्यन धरून अकरा मोठ्या पार्कांमध्ये १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्याला एंट्रीशिवाय वर १०० डॉलर. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा यात येतात, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या साईटवर आपल्या केसला काय लागू होतं ते वाचून घ्या, गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि हा पास सगळीकडे चालत नाही बरं का. स्टेट पार्क वेगळे, ट्रायबल जमीन (अपाची, नावाहो, होपी अशा इथल्या मूळ जमातींची) वेगळी, मिटिओर क्रेटर हा उल्केचा खड्डा तर खाजगी मालकीचं आहे.

सेडोना विकेंडला जावं का?

शनिवारी? नका. लाल खडकांचं हे गाव दोन तासांवर आहे म्हणून सगळं फिनिक्स तिकडेच जातं आणि गावातला एकच रस्ता दिवसभर तुंबतो. मंगळवार-बुधवारी सुट्टी टाकता आली तर बघा. लाल रंग खडकातल्या लोहामुळे, म्हणजे सोप्या भाषेत गंजच तो, पण संध्याकाळी ऊन तिरकं झालं की असा पेटतो की कॅमेऱ्यात खोटा वाटतो. कॅथीड्रल रॉकला चढायचं असेल तर शटल चालू असलेल्या दिवशी तिथलं पार्किंग बंद असतं, शटल फुकट आहे.

मला स्वतःला सेडोनापेक्षा सेडोनाच्या पुढचा रस्ता जास्त आवडतो. ८९ए, ओक क्रीक कॅन्यनमधून फ्लॅगस्टाफकडे चढणारा. ओढ्याकाठून झाडीतून जातो आणि शेवटी एकावर एक हेअरपिन वळणं, अगदी आपल्या घाटासारखी, फक्त वडापावची गाडी नाही. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत पानं पिवळी-लाल असतात.

परत येताना जेरोम घ्या. क्लिओपात्रा हिलच्या उतारावर लटकलेलं तांब्याच्या खाणीचं गाव, १९२० च्या दशकात १५,००० लोक राहायचे म्हणतात, आता साडेचारशेच्या आसपास. तिथला तुरुंग जमीन घसरल्यामुळे मूळ जागेवरून रस्त्यापलीकडे सरकला, अजून तसाच आहे, मुलांना हे जाम आवडतं. वाटेत माँटेझुमा कॅसल पण आहे, हे नाव दोन्ही बाजूंनी चुकीचं, मेक्सिकोच्या ॲझटेक राजा माँटेझुमाचा संबंध नाही आणि किल्ला पण नाही, सिनाग्वा लोकांनी कड्याच्या कपारीत बांधलेली घरं आहेत. अर्ध्या तासात होतं.

तुमचा स्वतःचा आवडता रूट कुठला?

हा कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारून घेतो.

यूएस ६० ने पूर्वेला. मेसा सोडलं की डावीकडे सुपरस्टिशन डोंगर, मग सुपिरिअर गाव (गावाच्या थोडं आधी बॉइस थॉम्पसन आर्बोरेटम आहे, १९२४ पासूनची वनस्पतीबाग, वेळ असेल तर तास घालवा), मग बोगदा, मग मायामी आणि ग्लोब, तांब्याच्या खाणींचे पायऱ्या पायऱ्या केलेले डोंगर. ग्लोबला पेट्रोल भरा आणि टॉयलेटला जाऊन या, कारण पुढे शो लो पर्यंत ८७ मैल जवळपास काही नाही.

आणि मग अचानक, काही कल्पना नसताना, जमीन संपते. सॉल्ट रिव्हर कॅन्यन. रस्ता वळणं घेत घेत सुमारे २००० फूट खाली नदीपर्यंत उतरतो आणि पुलावरून पलीकडे तसाच वर चढतो. ग्रँड कॅन्यनला तुम्ही काठावर उभे राहून बघता, इथे गाडीतून आत जाता. पुलाजवळ थांबायला जागा आहे, तिथे खाली पाण्याचा आवाज आणि वर दोन्ही बाजूंना कडे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास कुणीच काही बोललं नाही, आणि आमच्या घरात हे सहसा होत नाही. दोन्ही काठांची जमीन अपाची लोकांची आहे, हायवेवरून जायला परवानगी लागत नाही पण बाजूला उतरून फिरायचं, मासे पकडायचे तर त्यांचं परमिट लागतं, ते घ्या.

वर चढलं की पाईन सुरू. शो लो वरून २६० ने पश्चिमेला वळायचं, हेबर लागतं. वाटेत काही ठिकाणी जंगल विरळ आणि नवीन वाटतं, ते २००२ च्या रोडिओ-चेडिस्की वणव्यात जळलेलं, साडेचार लाख एकराच्या वर गेलं होतं, अजून भरून आलेलं नाही. मग रिमची कड येते. जिथे फॉरेस्ट रोड ३०० हायवेला मिळतो तिथे थांबा, पलीकडे बघा, पायाखालून जंगल दूरपर्यंत उतरत गेलेलं दिसतं, लोणावळ्याच्या टायगर पॉइंटची आठवण येते, फक्त कणीसवाले आणि माकडं नाहीत. पाँडेरोसा पाईनच्या सालीला नाक लावून बघा, उन्हात व्हॅनिलासारखा वास येतो. लोक हसतील, हसू देत. तिथून पेसन आणि ८७ ने खाली घरी. एकूण साडेतीनशे मैलांच्या आसपास, चाकामागे साडेसहा-सात तास. लहान मुलं असतील तर उलटीची गोळी द्या आधीच.

अपाची ट्रेल छोट्या गाडीने जाते का?

टॉर्टिला फ्लॅटपर्यंत डांबरी आहे, कॅमरी-सिव्हिक आरामात. कॅन्यन लेक बघा, टॉर्टिला फ्लॅटला भिंतीवर चिकटवलेल्या डॉलरच्या नोटा बघा, प्रिक्ली पेअरचं गुलाबी आईस्क्रीम खा आणि परत फिरा. पुढचा कच्चा रस्ता २०१९ चा वणवा आणि नंतरच्या पुरामुळे पाच वर्षं बंद होता, सप्टेंबर २०२४ मध्ये उघडला पण फक्त उंच, फोर व्हील ड्राईव्ह गाड्यांसाठी. भाड्याची गाडी तिथे घालू नका, कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्स बहुतेक वेळा लागू नसतो, ॲग्रीमेंट वाचा.

अँटिलोप कॅन्यन आणि हॉर्सशू बेंड एका दिवसात?

दोन्ही पेज गावाजवळ, हॉर्सशू बेंड म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, आणि पेज साडेचार तासांवर. जाऊन-येऊन नऊ तास ड्रायव्हिंग. तरुण पोरं करतात, मी एकदा केलं, परत येताना काळ्या कॉफीचा तिसरा कप पिऊन पण डोळे मिटत होते. एक रात्र राहा. अँटिलोप ही खडकातली अरुंद घळ नावाहो जमिनीवर आहे, गाईडशिवाय आत जाताच येत नाही, बुकिंग आधी करा. आणि गाईडने ढग बघून टूर रद्द केली तर कटकट करू नका: १२ ऑगस्ट १९९७ ला लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी आलं आणि लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटकांचा जीव गेला. डोक्यावर ऊन असताना पाणी येऊ शकतं इथे.

वेळेची पण गंमत आहे. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, पण नावाहो नेशनमध्ये करतात, आणि त्याच्या आतल्या होपी जमिनीवर परत करत नाहीत. उन्हाळ्यात तिकडे फोन स्वतःच टाइम बदलत बसतो, त्यामुळे टूरची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या.

मुलांना उल्का पडलेला खड्डा बघायचाय, वर्थ आहे का?

मिटिओर क्रेटर, फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला. सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीचा, साधारण पाऊण मैल रुंद, अपोलोचे अंतराळवीर इथे ट्रेनिंगला यायचे. तिकीट महाग वाटेल. पण मी काय म्हणतो, आपलं बुलढाण्याचं लोणार याच्यापेक्षा मोठं आहे, जवळपास १.८ किलोमीटर, हा १.२. तिथे खारं सरोवर आणि काठावर जुनी देवळं, इथे कोरडा स्वच्छ वाटीसारखा खड्डा, रेलिंग, म्युझियम आणि गिफ्ट शॉप. मुलांना दोन्ही दाखवा, लोणार पुढच्या इंडिया ट्रिपला. त्याच रस्त्याने अजून तासभर पुढे पेट्रिफाइड फॉरेस्ट आहे, दगड झालेली झाडं, वीस कोटी वर्षांहून जुनी. तिथला एक तुकडाही खिशात घालायचा नाही, बेकायदा आहे. लोकांनी चोरून नेलेले तुकडे नंतर माफीच्या पत्रांसकट पोस्टाने परत आलेत.

उन्हाळ्यात काहीच करता येत नाही का?

करता येतं, वर जा. टूसॉनचा माऊंट लेमन. पायथ्याशी सवारो निवडुंगांचं रान आणि ११० डिग्री फॅरनहाइट (आपल्या भाषेत ४३), वर ८००० फुटांवर समरहेवन नावाचं छोटं गाव, तिथे २५-३० डिग्री फॅरनहाइटने कमी. २७ मैलांचा घाट. हा रस्ता १९३३ ते १९५० मध्ये कैद्यांच्या मजुरीतून बांधलाय. वाटेतल्या एका कॅम्पग्राउंडला गॉर्डन हिराबायाशीचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत टाकलं, त्याने ते मानायला नकार दिला आणि शिक्षा म्हणून याच रस्त्याच्या कामावर आला. विंडी पॉइंटला थांबताना हे माहीत असलेलं बरं.

बाकी उन्हाळ्याचे नियम थोडक्यात सांगतो. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, गाडीत, डिकीत नव्हे हाताशी. टायरची हवा आणि वय बघा. बंद गाडीत मूल किंवा आजी "दोन मिनिटं" सुद्धा नाही. आमच्या पहिल्या जुलैत डॅशबोर्डवरच्या गणपतीखालचा गम वितळला आणि बाप्पा वळणावर थेट बायकोच्या मांडीवर आले, तेव्हापासून बाप्पा ग्लोव्ह बॉक्समध्ये असतात.

धुळीचं वादळ आलं तर?

मान्सून इथे पण म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर, पण पाऊस कमी आणि तमाशा जास्त. हबूब नावाची धुळीची भिंत येते, विशेषतः फिनिक्स-टूसॉन आय-१० वर. आली की रस्त्यापासून जमेल तितकं बाहेर थांबा, सगळे लाईट बंद, हँडब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढा. लाईट बंद का, तर मागचा माणूस तुमचे लाल दिवे बघून रस्ता तिकडेच आहे असं समजतो आणि येऊन आदळतो. पुरात भरलेल्या ओढ्यात बॅरिकेड ओलांडून गाडी घातली तर वाचवण्याचा खर्च तुमच्याकडून घेतात, त्या कायद्याला लोक सरळ "स्टुपिड मोटरिस्ट लॉ" म्हणतात.

खायचं काय?

डबा न्या. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. दहीभात उन्हाळ्यात कूलरशिवाय नको. कॅमरनला नावाहो टाको मिळतो, भटुऱ्यासारख्या फुगलेल्या फ्रायब्रेडवर बीन्स वगैरे, पण त्यात बीफ असतं, आधी विचारून फक्त बीन्सचा सांगा.

कागदपत्रं?

दक्षिणेला टूबॅक-नोगालेसकडे जात असाल तर आय-१९ वर परत येताना बॉर्डर पेट्रोलचा चेकपॉइंट असतो. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) जवळ ठेवा, आई-बाबांचे पण. दोन प्रश्न विचारतात आणि सोडतात.

निवडुंगाला हात लावला तर चालेल का?

सवारोला लावू नका, पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं जातात आणि त्याला इजा करणं गुन्हा आहे. चोयापासून तर तीन फूट लांब. मऊ टेडी बेअरसारखा दिसतो, नुसता घासलात तरी गोळाच्या गोळा चिकटतो. बोटांनी ओढू नका, मग बोटांना चिकटेल. कंगवा घाला मध्ये आणि उडवा. आमच्या गाडीत कंगवा त्याच्यासाठीच आहे, केस तसेही राहिले नाहीत.

नावांचे उच्चार सांगा, जीपीएस काहीतरीच बोलतं.

इथली बरीच नावं स्पॅनिश आहेत. सवारो, त्यातला जी गायब. नदी हीला. रानडुकरासारखा प्राणी हावेलीना. मोगोयॉनला इथले लोक "मगीयोन" म्हणतात. आणि ऑर्गन पाईप कॅक्टस पार्कच्या रस्त्यावर एक गाव आहे, स्पॅनिशमध्ये अर्थ लसूण, उच्चार "आहो". माझ्या बायकोने तो बोर्ड मोठ्याने वाचला आणि मी सवयीने "काय गं?" म्हटलं.